तळपायाची आग, काशाची वाटी आणि तो काळा थर

प्रदर्शनातल्या स्टॉलवर काशाच्या थाळीचं मशीन मांडलेलं असतं. खुर्चीत बसायचं, तळव्याला चमचाभर तूप लावायचं, बटण दाबलं की थाळी पायाखाली फिरू लागते. सात-आठ मिनिटांत तळवा काळाकुट्ट. मग स्टॉलवरचा माणूस फडक्याने तो थर पुसून समोर धरतो आणि सांगतो, "बघा, किती उष्णता साठली होती अंगात. सगळा स्ट्रेस उतरला." बसलेल्याला खरोखरच हलकं वाटत असतं, डोळे जड झालेले असतात, त्यामुळे तो मान डोलावतो आणि मशीन घरी येतं.

हलकं वाटलं हे खरं, काळं झालं हेही खरं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. या एका गैरसमजापायी लोक चुकीची वस्तू घेतात, ती चुकीच्या पद्धतीने वापरतात आणि काही जण डॉक्टरकडे जायला उशीर करतात. म्हणून निकाल आधीच सांगतो. हाताने फिरवायची साधी काशाची वाटी ही रोजचा ताण उतरवायला फार गुणाची वस्तू आहे, ती जरूर घ्यावी. मशीन बहुतेक घरांना लागत नाही. पादाभ्यंग केंद्रात, म्हणजे पायांना तेल-तूप लावून मालिश करून देतात तिथे, एखादी बैठक करून पाहायला हरकत नाही, काही गोष्टी विचारून घेतल्या तर. आणि काळ्या थराकडे पाहून काहीही ठरवू नये.

तो थर येतो कुठून

कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. चांगल्या काशात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील असतं. देवळातली घंटा आणि काशाचे टाळ याच घराण्यातले. तुपात स्निग्ध आम्लं असतात, तळपायाच्या घामात क्षार आणि थोडं आम्ल असतं. तांब्याचा पृष्ठभाग या दोन्हींशी लगेच प्रतिक्रिया करतो. शिवाय तळव्याची कातडी, विशेषतः टाचेची, बऱ्यापैकी खरखरीत असते, त्यामुळे घासताना धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात. तूप, घाम, मृत त्वचा आणि हे कण मिळून करडा-काळा मळ तयार होतो. पितळी समई घासताना फडकं काळं होतं ते याच जातीचं. समईच्या अंगात काही उष्णता नसते.

ज्याला पटत नसेल त्याने घरी दोन प्रयोग करावेत. कोरी, न वापरलेली मातीची पणती घ्यायची, तिच्या पालथ्या बाजूला तुपाचं बोट लावायचं आणि वाटीच्या बुडाने दोन-तीन मिनिटं घासायचं. पणतीवर करडा-काळा थर येतो. सोनाराच्या कसोटीवर सोन्याची रेघ उमटते तसंच हे. दुसरा प्रयोग उलट बाजूने: त्याच तळव्याला तेवढंच तूप लावून स्टीलच्या वाटीने दहा मिनिटं घासायचं. तो काळा लेप येत नाही, पण पाय तितकेच गरम होतात आणि झोपही तितकीच येते.

थर कमी-जास्त का होतो याचीही कारणं साधी आहेत. जुन्या, वास लागलेल्या तुपात मोकळी आम्लं जास्त असतात, त्याने थर दाट येतो. ज्याच्या तळव्यांना घाम जास्त येतो, ज्याची टाच खरखरीत आहे, ज्याने जोर जास्त लावला, त्याचा पाय जास्त काळा होतो. "जितकं काळं तितकी उष्णता" असं मानलं की माणूस काळं येईपर्यंत दाबत राहतो, दहाची वीस मिनिटं होतात, कातडी लाल होते, कधी फोड येतो. ताण उतरवायला बसलेला माणूस तिथेही जणू टार्गेट गाठत असतो.

मग गुण कशाचा? मुळात तळपाय हा ताणाचा आरसा आहे. ताण आला की शरीर हातापायांच्या टोकाकडचा रक्तपुरवठा आवळतं, म्हणून पाय गार पडतात. तळहात आणि तळपाय या ठिकाणी घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात आणि त्या उकाड्यापेक्षा मनाच्या घालमेलीला जास्त उत्तर देतात. परीक्षेच्या दालनात हात ओले होतात, तेच पायांचंही होतं, फक्त ते मोज्यात झाकलेलं असतं. कोमट पाण्याने आणि सावकाश घर्षणाने पायाच्या रक्तवाहिन्या सैल होतात, पाय ऊबदार होतात, पायावाटे शरीराची आतली उष्णता बाहेर जाते आणि आतलं तापमान किंचित उतरलं की झोप लवकर लागते. "उष्णता निघते" हे आजीचं वाक्य इतक्यापुरतं बरोबरच होतं. दुसरं कारण स्पर्शाचं. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याला, पोटरीला लव असते, आणि लव असलेल्या त्वचेत सावकाश स्पर्श ओळखणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला तीन ते पाच सेंटीमीटर या गतीला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. मायेने पाठीवरून हात फिरवतो ती हीच गती. तिसरं कारण श्वास, त्याबद्दल पुढे सविस्तर.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथात अभ्यंग रोज करावा आणि डोकं, कान व पाय यांना विशेष करावा असं सांगितलं आहे. त्या वचनात तेलाने करायच्या अभ्यंगाची गोष्ट आहे, वाटीचा उल्लेख नाही. तेव्हा वाटी हे साधन आहे, औषध नाही, एवढं धरून चालावं.

ताण आहे हे आधी ओळखायचं कसं

वाटी हातात घेण्याआधी हे जमलं पाहिजे, कारण रोजचा ताण स्वतःचं नाव सांगत येत नाही. सकाळी उठल्यावर जबडा दुखतो किंवा कानशिलं जड वाटतात, म्हणजे रात्रभर दात आवळलेले होते. ऑफिसचा मेल किंवा शाळेच्या ग्रुपवरचा निरोप उघडताना श्वास रोखला जातो. खांदे कानांच्या दिशेने चढलेले असतात आणि कुणी "खांदे सोड" म्हटलं की दोन बोटं खाली येतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, मुलांचं मोठ्याने वाचणं, असे रोजचेच आवाज अचानक सहन होत नाहीत. पहाटे तीन-चारला जाग येते आणि डोक्यात उद्याची यादी सुरू होते. चहाचे कप दोनाचे चार होतात. गॅस बंद केला का हे बघायला परत यावं लागतं. क्षुल्लक गोष्टीवरून तळपायाची आग मस्तकात जाते. यांतल्या तीन-चार गोष्टी आठवडाभर एकत्र दिसल्या तर शरीर सावधान पवित्र्यात अडकलंय असं समजावं.

एक सोपी तपासणी रोज करता येते. रात्री जेवणानंतर पाच मिनिटं शांत बसायचं. एक हात मानेवर आणि दुसरा पायाच्या चवड्यावर ठेवायचा. खोली उबदार असूनही पाय मानेपेक्षा बराच गार आणि दमट लागला तर ती नोंद. मग मनगटाची नाडी अंगठ्याखाली दोन बोटांनी धरून 30 सेकंद मोजायची, दुप्पट करायची. शेवटी शून्य ते दहा या मापात आत्ता किती ताणलेलं वाटतंय तो आकडा लिहायचा. वाटी फिरवून झाल्यावर तिन्ही गोष्टी पुन्हा. दोन आठवड्यांत वहीच सांगते की उपयोग होतोय की नाही. मात्र यात एक खोच आहे. नुसतं वीस मिनिटं शांत बसलं तरी नाडी उतरते. म्हणून एखाद्या दिवशी वाटीशिवाय, फक्त कोमट पाण्यात पाय सोडून बसून तीच मोजमापं घ्यावीत. काहींना तेवढंच पुरतं, मग वाटीचा खर्चही नको.

आणि एक फार महत्त्वाचं. अधूनमधून दमल्यावर तळपाय चुरचुरणं वेगळं आणि महिनोन्महिने रोज रात्री तळपायांची आग होणं, पांघरूण पायावर सहन न होणं, मुंग्या येणं, चालताना कापसावर पाय टाकल्यासारखं वाटणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला घरोघरी "उष्णता" म्हणतात आणि वर्षानुवर्षं वाटी घासतात. त्यामागे अनेकदा मधुमेहामुळे झालेली मज्जातंतूंची इजा किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असते. पूर्ण शाकाहारी घरांमध्ये ही कमतरता बऱ्याचदा सापडते. साखर, बी-12 आणि थायरॉइड या रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात. बी-12 भरून काढायला उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. इथे वाटीने बरं वाटणं हाच धोका आहे, कारण बरं वाटतं म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते.

वाटी घेताना

पुण्याच्या तुळशीबागेत, नाशिकच्या भांडी बाजारात, मुंबईत तांबाकाट्याला भांड्यांच्या दुकानांत वाटी मिळते, ऑनलाइनही मिळते. मात्र काशाच्या नावाखाली पितळ सर्रास विकलं जातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रंगाने ते लिंबासारखं पिवळं दिसतं, कासं जरा करडेपणाकडे झुकलेलं, मंद सोनेरी. पण पॉलिश केलं की रंग फसवतो, त्यामुळे कानावर विसंबावं. वाटी तळहातावर सपाट ठेवून किंवा तीन बोटांच्या टोकांवर तोलून कडेला लाकडी चमच्याने हलकेच टोला द्यायचा. काशाचा नाद स्वच्छ निघतो आणि बराच वेळ घुमत राहतो. पितळेचा आवाज लवकर विरतो. दुकानात दोन्ही वाट्या शेजारी ठेवून वाजवल्या की फरक सांगायला कुणी लागत नाही. लोहचुंबकाने फक्त लोखंड ओळखू येतं, कासं आणि पितळ दोन्ही त्याला चिकटत नाहीत, तेव्हा चुंबक लावून "अस्सल" म्हणणाऱ्याच्या बोलण्याला अर्थ नाही.

हाताने ठोकलेलं कासं ओडिशातल्या बालकाटीहून, मुर्शिदाबादच्या खागड्याहून येतं. गरम असतानाच त्याला आकार देतात, कारण गार कासं ठिसूळ असतं. म्हणूनच ही वाटी शहाबादी फरशीवर पडली तर पोचा येत नाही, तडा जातो. तडा गेलेली वाटी वाजवली तर नाद बसका येतो. तशी वाटी पायावर वापरू नये, कड कापते.

मालिश पितळेच्या वाटीनेही होते, ऊब आणि स्पर्श तोच मिळतो. तरी काशाचा आग्रह धरावा, त्याचं कारण वेगळं आहे. लेथवर कातायला सोपं जावं म्हणून काही पितळेत शिसं मिसळलेलं असतं. कुठल्या भंगारातून ओतली हे माहीत नसलेली वाटी भेगाळलेल्या टाचेवर रोज घासणं बरं नव्हे.

आकाराला धातूइतकंच महत्त्व आहे. व्यास सात-आठ सेंटीमीटर, वजन दीडशे ते अडीचशे ग्रॅम, बूड गोलसर. सपाट बुडाच्या वाटीची कड पायाच्या कमानीत रुतते आणि कमानीचा खोलगट भाग कोरडाच राहतो. बुडावरून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले तर तिथे ओतकामाचा खड्डा किंवा कंगोरा आहे, ती वाटी परत ठेवावी. लाकडी मुठीची वाटी दिसायला छान, धरायला सोपी, पण मुठीचा स्क्रू ढिला होतो आणि लाकूड तूप पिऊन कुबट वास मारतं. बिनमुठीची जुनी घडण सर्वांत चांगली. तीन बोटं वाटीच्या आत, अंगठा बाहेर. जोर किती लागतोय हे बोटांना थेट कळतं.

तूप, तेल आणि महिन्याचा हिशोब

एका पायाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर. दोन पायांना मिळून साधारण नऊ ग्रॅम तूप. रोज केलं तर महिन्याला पाव किलोपेक्षा जास्त तूप पायाला जातं. वाटीची किंमत शेकड्यांत असते आणि एकदाच द्यायची असते, तुपाचा खर्च मात्र दर महिन्याचा. आठवड्यातून तीनदा केलं तर हाच खर्च सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतो, आणि ताणासाठी तेवढं पुरेसं आहे. खोबरेल तेल स्वस्त पडतं, चांगलं चालतं, थंडीत मात्र थिजतं. तिळाचं तेल उबदार वाटतं, पण चादरीला डाग सोडतं. टाचेला भेगा असतील तर कोकणात आणि गोव्यात वापरतात ते भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, याला तोड नाही. ते शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतं, म्हणून आधी तळहातावर चोळून घ्यावं लागतं. पण ते घट्ट असल्यामुळे वाटी अडखळते. त्यामुळे वाटीसाठी तूप किंवा खोबरेल आणि नंतर फक्त भेगांवर भिरंडेलाचं बोट, हा क्रम बरा. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, मलमासारखं असतं, त्यावर वाटी घसरत नाही, चिकटते.

हात कसा चालवायचा

रात्रीच्या जेवणानंतर निदान तासाभराने, झोपण्याच्या अर्धा तास आधी ही वेळ उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत, बातम्या बंद. पाय कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवावेत, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद वाटेल इतकंच गरम. मग बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत. ओल्या पायावर तूप नुसतं घसरतं. खाली जुना टॉवेल, त्याखाली प्लॅस्टिक. वाटी मिनिटभर गरम पाण्यात ठेवून पुसून घ्यावी. गार वाटी एकदम तळव्याला लागली की पाय आखडतो आणि सुरुवातच बिघडते.

पहिलं मिनिट वाटी बाजूलाच. अर्धा चमचा तूप तळहाताने संपूर्ण पायाला, घोट्यापर्यंत. उरलेलं तूप वाटी अडखळू लागेल तसं थोडं थोडं घ्यायचं. मग वाटीच्या बुडाने टाचेवर आणि चवड्यावर लहान गोल, तीन मिनिटं. जोर किती, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी दाबून बघावी. एक ते दीड किलोचा आकडा दिसेल इतका दाब पुरे, कमानीत त्याच्या निम्मा. दाबणाऱ्याच्या नखांची टोकं पांढरी पडली तर जोर जास्त होतोय.

पुढची चार मिनिटं हा सगळ्याचा गाभा, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण गाळतात. टाचेपासून बोटांपर्यंत एकच लांब, सलग ओढ. मनात सहा मोजत जायचं. प्रौढ माणसाचा तळवा 24 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे गती सेकंदाला चार सेंटीमीटर पडते. परत येताना वाटी जवळजवळ न दाबता, चार मोजत. ज्याच्या पायाला मालिश चाललंय त्याने वाटीबरोबर श्वास चालवायचा: वाटी बोटांकडे निघाली की श्वास सोडायचा, टाचेकडे परतली की घ्यायचा. सहा आणि चार मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. श्वासाचे व्यायाम करायला सांगितलं तर मोजताना माणसाचं चित्त उडतं, आकडा चुकला म्हणून चिडचिड होते. इथे मोजायचंच नाही, तळव्यावरून सरकणारी ऊब आपोआप श्वासाला ओढून नेते. अशा चोवीस ओढी झाल्या की जबडा सैल पडलेला असतो. वाटीचा खरा गुण इथे आहे.

शेवटचं मिनिट वाटी ठेवून हाताने प्रत्येक बोट मुळापासून टोकाकडे आणि घोट्याभोवती सावकाश फेरा. पायाच्या वरच्या बाजूला वाटी लावू नये, तिथे हाडं आणि शिरा वरच असतात. मग दुसरा पाय. दोन्ही मिळून वीस मिनिटांच्या आत काम होतं.

स्वतःचे पाय स्वतः करायचे तर एक अडचण येते. पाय गुडघ्यावर आडवा घेऊन वाकावं लागतं, खांदा आणि मान भरून येतात, आणि एकीकडचा ताण दुसरीकडे जातो. गुडघे धरलेल्याला तर ते जमतच नाही. आखूड वेळ, फक्त लांब ओढी, पाठ भिंतीला टेकलेली, अशी तडजोड करावी. पण ही वस्तू मुळात दोघांची आहे. आज तू माझे, उद्या मी तुझे, अशी पाळी लावली तर घरात दिवसातली वीस मिनिटं कुणीतरी कुणासाठी शांत बसतं. हे काम एकाच बाईच्या गळ्यात मात्र पडू नये. दिवसभर राबून रात्री सगळ्यांचे तळवे घासायचे असतील तर तिच्या ताणाचं काय? आठ-दहा वर्षांच्या मुलांचे हात या कामाला उत्तम, त्यांचा जोर नेमका हवा तेवढाच असतो.

मशीनबद्दल

लाकडी, पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, आत मोटर आणि गती कमी करणारा गिअर, वर आसावर बसवलेली थाळी, बाजूला टायमर. किंमत हजारांत. हात दुखत नाहीत आणि एकट्याला वापरता येतं, हे दोन गुण खरे. एकटे राहणारे वृद्ध किंवा संधिवाताने बोटं आखडलेले, यांच्यासाठी मशीन योग्य ठरू शकतं.

बाकीच्यांनी विचार करावा. थाळीची गती ठरलेली असते आणि ती श्वासाशी जुळत नाही. थाळी सपाट किंवा अगदी किंचित फुगीर असते, त्यामुळे टाच आणि चवडा घासला जातो, कमान सुटते, बोटं सुटतात. खुर्चीची उंची चुकली, गुडघे काटकोनात राहिले नाहीत, तर दहा मिनिटांत कंबर बोलते. गिअर जुना झाला की घरघर वाढते. सगळ्यात जास्त येणारा बिघाड तुपामुळे होतो. थाळीवरचं जादा तूप आसाच्या फटीतून खाली मोटरवर उतरतं, तापतं, जळका वास येतो आणि मोटर अडते. तूप थाळीवर ओतण्याऐवजी पायाला लावलं तर हे बरंचसं टळतं. पायावर अंगाचा भार टाकून थाळी अडवली तरी मोटर गरम होते. घ्यायचंच ठरलं तर आसाभोवती रबरी सील आहे का, थाळी काढून धुता येते का, तीन पिनांचा प्लग आहे का, हे पाहावं आणि थाळी काढून वाजवून घ्यावी. मुलामा दिलेल्या थाळीचा नाद लगेच बसतो.

केंद्रात जाताना पहिली नजर थाळीवर असू द्यावी. आधीच्या माणसाच्या पायाचा थर नुसता टिशूने पुसून पुढच्याला बसवत असतील तर उठून यावं. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या म्हणजे बुरशी, ती अशीच पसरते. साबणाच्या गरम पाण्याने थाळी धुतली पाहिजे. आपलं तूप छोट्या डबीत नेलं तर कुणी नाही म्हणत नाही. "दहा बैठकांत बीपी जाईल, साखर जाईल, चष्मा जाईल" असं सांगून पॅकेज गळ्यात मारत असतील तर घेऊ नये. या कशाहीसाठी चालू गोळी बंद करू नये.

कुणी टाळावं

मधुमेह असेल तर आधी घरीच एक चाचणी करावी. डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर वाटी नको, मशीन तर नकोच, डॉक्टरांना पाय दाखवावेत. बधिर पायाला गरम पाणी किती गरम आहे तेही कळत नाही. रक्त येणाऱ्या भेगा, चिखल्या, जखम, ताप, फुगलेल्या शिरा असतील तर थांबावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारावं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, तर तिला अजिबात चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि काही ताण पायातून उतरत नाहीत. दोन आठवडे उलटूनही रोज उदास वाटतंय, कशात मन लागत नाही, झोप आणि भूक गेलीय, जगणं नको वाटतंय, तर ते रोजच्या ताणाच्या पलीकडचं आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं, मराठीतही. तिथे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. घरातल्या कुणाच्या पायाला वाटी फिरवताना तो माणूस असं काही बोलून गेला तर हात न थांबवता ऐकून घ्यावं, आणि फोन आपण लावून द्यावा.

नंतरची आवराआवर

तूप लावलेले पाय घेऊन लगेच टाइल्सवर उतरू नये. बाथरूमच्या वाटेवर घसरून म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं, आणि या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. बसल्या जागीच कोरड्या फडक्याने पुसून, चमचाभर बेसन चोळून, कोमट ओल्या फडक्याने दोनदा पुसावं. काळं पूर्ण निघालं नाही तर नखाने खरवडू नये, दुसऱ्या दिवशी अंघोळीत जातं. जुने सुती मोजे घालून झोपावं, चादर वाचते आणि पायाची ऊबही टिकते.

वाटी गरम पाण्यात आणि भांड्याच्या साबणाने लगेच धुवावी. तूप तसंच राहिलं तर सकाळी हिरवट थर धरतो, तो तांब्याचा क्षार, पायाला किंवा हाताला राहू देऊ नये. आठवड्यातून एकदा आमसूल, चिंच किंवा पितांबरी, मग भरपूर पाणी, आणि लगेच कोरडी पुसायची. पाण्याचे थेंब वाळले की ठिपके पडतात. पायाची वाटी पायालाच, तिच्यात मीठ-लिंबू काढून ठेवू नये, डबीतलं तूपही वेगळं असावं. झाकणावर "पाय" असं लिहून ती देवाच्या निरांजनाच्या तुपापासून दूर ठेवली की सकाळच्या घाईत गोंधळ होत नाही.